मोहीम लांबली, पेरणी हुकली

(मानकोली, ता. भिवंडी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ, अकोला, जालना, परभणीकडची मंडळी रात्रभर गाडीत बसून इथे आली आहेत. सकाळी उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की इथे शेत कुठे आहे? प्रश्न खराच आहे. मानकोलीच्या चहूकडे भाताची खाचरे होती, त्यांवर आता गोदामे उभी राहिली. पलीकडे भिवंडीचे माग चालतात आणि त्यांच्यावरचे सूत उकलून पाहिले तर त्यात आपल्याच कापसाचे तंतू सापडतील. पण आज आपण कापसाच्या भावावर बोलणार नाही. जो अर्धा शेतकरी आणि अर्धा शिपाई आहे, त्याच्याबद्दल बोलायचे आहे. लढाई लांबते, तेव्हा त्याच्या शेताचे काय होते याचा हिशोब आपल्याकडे कोणी ठेवला नाही. तो आज मांडू या.

मे २०२५ मध्ये, पाकिस्तानशी तणातणी चालू असताना, केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना अधिकार दिला, की गरज पडेल तसे प्रादेशिक सेनेचे अधिकारी आणि जवान त्यांनी कामावर बोलवावेत. ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी उभ्या करायच्या असे त्या आदेशात होते. वर्तमानपत्रांत तोफा, विमाने, नकाशे छापून आले. महिना मे होता, मृग तीन-चार आठवड्यांवर आला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. येणार कसे? दिल्लीच्या कॅलेंडरात मृग नसतो.

प्रादेशिक सेना, आपण जिला टीए म्हणतो, ती १९४८ च्या कायद्याने आली आणि १९४९ च्या ऑक्टोबरात उभी राहिली. कोल्हापूरची १०९ आणि पुण्याची १०१ या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिच्या पलटणी आपल्या पोरांना माहीत आहेत. भरतीची अट मोठी गमतीची आहे. माणसाला स्वतःचा काही पोटापाण्याचा धंदा असला पाहिजे. म्हणजे फौज हा त्याचा जोडधंदा. वर्षाकाठी दोनेक महिने शिक्षण घ्यायचे, बाकी आपला धंदा सांभाळायचा. पण कायद्यात बोलावण्याची सोय आहे, आणि बोलावले म्हणजे दोन महिन्यांचा हिशोब संपला. १९६२, १९६५, १९७१ ला बोलावले, श्रीलंकेत पाठवले, काश्मिरात आणि ईशान्येकडे पाठवले. कामावर असेल तोवर नेहमीच्या शिपायासारखा पगार, घरी बसवले की काही नाही. देशाला गरज आहे म्हणून बोलावतात याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न त्याच्या धंद्याचा आहे.

आता हा शेतकरी-शिपाई काही १९४८ साली जन्मलेला नाही. तो आपल्या मुलखातला फार जुना माणूस आहे. शिवाजी महाराजांच्या फौजेची व्यवस्था सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहून ठेवली आहे. त्यात फौजेचे वेळापत्रक स्पष्ट आहे. पावसाळ्याला लष्कर आपल्या मुलखात छावणीला यायचे, तिथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा तयार ठेवायच्या, दसऱ्याला कूच करायचे, आठ महिने बाहेरच्या मुलखावर पोट भरायचे आणि वैशाखात परतायचे. पावसाळ्यात नद्या भरतात, घोडे चिखलात रुततात, म्हणून हे वेळापत्रक असे आपल्याला शाळेत शिकवले. ते बरोबरच आहे. पण आणखी एक कारण आहे आणि ते शाळेच्या पुस्तकात नसते. घोड्यावर बसलेल्यांत आणि पायदळात चाललेल्यांत कुणबी पुष्कळ होता, आणि रोहिणी संपताना त्याला घरी पोचणे भाग होते. वैशाखात घरी आला तर नांगरट-वखरणी उरकून मृगाच्या आधी रान तयार व्हायचे. दसऱ्याला सोने लुटून शिलंगण करायचे, त्याचा अर्थच खरिपाचे काम आटोपले, आता सीमा ओलांडायला मोकळा झालो, असा होता.

इथे आम्हाला एक शंका आहे, ती बोलून टाकतो. दसऱ्याचा मुहूर्त खरिपाच्या शेतकऱ्याला सोयीचा, भाताच्या आणि बाजरीच्या मुलखाला सोयीचा. पण आपल्या रब्बी ज्वारीच्या काळ्या रानाचे काय? रब्बी ज्वारी हस्तात पेरायची, फार तर चित्रात. दसरा बहुधा याच सुमारास पडतो. म्हणजे तिफण रानात उभी आणि धनी घोड्यावर. काढणी माघ-फाल्गुनात, तेव्हा हा नर्मदेपलीकडे. कापसाची वेचणीही त्याच्या पाठीमागेच. मग पेरले कोणी, वेचले कोणी, कणसे खुडली कोणी? बखरीत याचे उत्तर नाही. पण बखरकाराला विचारायची गरजही नाही, आपल्यापैकी कोणालाही ठाऊक आहे. म्हाताऱ्याने औत धरले आणि चाड्यावर मूठ बाईची होती. स्वराज्याचे सैन्य आठ महिने बाहेर राहू शकले ते या मुठीवर. तिचा तनखा कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही.

तरी त्या राजाला शेताची जाण होती हे मान्य केले पाहिजे. १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्र लिहिले, की दाणा-वैरण आत्ताच उधळून टाकाल तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरी शिरून धान्य, गवत, लाकूड, भाजी उचलाल, आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरा. १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिले, की गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याजवळ राबणारी माणसे आहेत पण बैल नाहीत त्याला बैलांची सोय कर, खायला नसेल त्याला धान्य दे, वाढीदिढी न धरता नुसते मुद्दल ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल कर. माणूस फौजेला घ्यायचा तर त्याच्या गोठ्यात काय आहे हे ठाऊक पाहिजे, एवढी अक्कल त्या कारभारात होती. अर्थात त्याच महाराजांची कर्नाटकाची मोहीम १६७७ चा अख्खा पावसाळा ओलांडून गेली. राज्य वाढले की मुलूख लांब जातो, मुलूख लांब गेला की वैशाखात घरी येणे जमत नाही. दुखणे इथून सुरू होते.

या मातीतलीच गोष्ट घ्या. मानकोलीच्या शेजारी अंजूर गाव आहे. तिथल्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीजांविरुद्ध पेशव्यांना साथ दिली, आणि मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पडला. लोकांना वाटले, आता वसई दोन महिन्यांत येईल. वसई आली मे १७३९ मध्ये. तीन उन्हाळे आणि दोन पावसाळे! मधल्या हिवाळ्यात मोठे सरदार बाजीरावाबरोबर भोपाळला निजामाशी लढायला गेले आणि वेढा रेंगाळला. कोकणातल्या शेतकऱ्याला उन्हाळा म्हणजे रिकामा वेळ नव्हे. तेव्हाच राब भाजायचा असतो. राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. उन्हाळ्यात मोर्च्यात बसलेल्या माणसाचा राब कोणी भाजला असेल, याचा विचार वसईचा विजय सांगताना कोणी करत नाही. शेवटच्या दिवसांत चिमाजी आप्पाने जी घाई केली, सुरुंगामागून सुरुंग उडवले, माणसे कापली गेली तरी वेढा ढिला केला नाही, त्यामागे पाऊस तोंडावर आला हे कारण होते. आणखी एक पावसाळा गेला असता तर फौज हाताखाली राहिली नसती.

आता पानिपत. परतूर आपल्या जालना जिल्ह्यात आहे, समोर बसलेल्यांत तिकडचे लोक आहेत. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब परतूरहून निघाले. रब्बीची ज्वारी नुकती खळ्यावर आलेली असेल. वैशाख वाटेत गेला. मृग लागला तेव्हा फौज हिंदुस्थानात, पुढे यमुनेला पूर आला आणि दोन्ही सैन्ये दोन काठांवर अडकून पडली. दसरा परमुलखात झाला. संक्रांतीच्या सुमारास, १४ जानेवारी १७६१ ला, सगळे संपले. पानिपतावर पोथ्या लिहिल्या गेल्या. भाऊ चुकला का, होळकर पळाला का, यावर अजून भांडणे होतात. पण १७६० सालच्या खरिपात मराठवाड्यात आणि देशावर किती रान पडीक राहिले, यावर आम्ही एकही पोथी पाहिली नाही.

शिलेदाराचा हिशोब तर आणखी वाईट. बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन यायचा. घोडा म्हणजे त्याचे भांडवल, आजच्या भाषेत कर्जाने घेतलेला ट्रॅक्टर. तो ट्रॅक्टर घेऊन परराज्यात लढायला जायचे आणि तो तिथे मोडला तर घरी पायी यायचे. पगार थकलेला असायचाच. पेशवाईच्या उत्तरार्धात थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. (आम्ही धरणे धरतो तेव्हा कलेक्टरसाहेबांना नवल वाटते, त्यांना सांगा, ही चाल जुनी आहे, आणि तेव्हाही ती थकलेल्या पैशासाठीच होती.) मोहीम सहा महिन्यांची असेल तर शिलेदाराचे गणित कसेबसे जुळायचे. ती दोन वर्षे चालली की इकडे शेत पडीक, तिकडे घोडा उपाशी आणि मधे सावकार.

मग राज्यकर्त्यांनी काय केले? शेतकऱ्याला वेळेवर घरी पाठवले काय? नाही. त्यांनी शेतकरीच बदलून टाकला. बारा महिने लढाया चालवायच्या तर बारा महिने मोकळा असलेला माणूस पाहिजे, म्हणून अरब आले, रोहिले आले, पुरभय्ये आले. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी डी बॉयनला चाकरीत घेतले आणि कवायती कंपू उभे केले. लढाईच्या दृष्टीने ते बरोबर होते असे जाणकार म्हणतात, आम्ही त्यात पडत नाही. पण शेताच्या बांधावरून पाहिले तर काय दिसते? जोवर शेतकरी फौजेत होता तोवर राजाला त्याचे ऐकावे लागे, कारण वैशाखात त्याला सोडले नाही तर तो दसऱ्याला येत नसे. भाडोत्री शिपाई आला आणि शेतकऱ्याची गरज संपली. त्याच्याजवळची तलवार गेली, सारा आणि पट्टी तेवढी राहिली. १८०३ साली इंग्रजांनी दसऱ्याची वाट पाहिली नाही. नद्या भरलेल्या असतात, मराठ्यांच्या घोडदळाला उतार सापडत नाही, हे हेरून वेलस्लीने पावसाळ्यातच लढाई काढली. ऑगस्टात नगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईला शिंद्यांचे कंपू मोडले. त्या कंपूंतले बहुतेक शिपाई उत्तर हिंदुस्थानातले होते. असईच्या शेतकऱ्याला त्या दिवशी दोन्ही बाजूंची फौज परकी. त्याचे उभे पीक मात्र त्याचेच तुडवले गेले. नोव्हेंबरात हेच अकोल्याकडच्या आडगावाने पाहिले आणि डिसेंबरात गाविलगडाने.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये हेच झाले. रोमचा शिपाई हा जमीनधारक शेतकरी होता, जमीन नसेल त्याला फौजेत घेत नसत. लढाया जवळच्या होत्या तोवर तो वसंतात जाई आणि थंडीच्या आत परते. मग हॅनिबलशी सोळा-सतरा वर्षे लढाई चालली, पुढे स्पेनमध्ये माणूस एकदा गेला की वर्षानुवर्षे अडकू लागला. मागे शेते मोडली, सावकार-जमीनदारांनी ती गिळली आणि गुलाम लावून कसली, असे जुने इतिहासकार सांगतात. इसवी सनापूर्वी १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस नावाच्या लोकप्रतिनिधीने या लोकांना जमीन द्यायचा कायदा केला. त्याच वर्षी त्याला मारून टाकले. पुढे मारियसने जमीन नसलेल्यांना सरसकट फौजेत घेतले. कंपू झाले म्हणा ना! आजचे काही अभ्यासक म्हणतात की एवढा नाश झाला नसावा, कारण लढाईला धाकटा मुलगा जाई आणि थोरला शेत सांभाळी. असेलही. आपल्याकडेही एकत्र कुटुंबाने हेच केले. एक भाऊ घोड्यावर, एक औतावर.

पण आज आपल्या घरात दुसरा भाऊ कुठे आहे? वाटण्या होऊन पाच एकर राहिले, कोणाकडे तीन. भाऊ पुण्याला किंवा याच मानकोलीच्या गोदामात हमालीला. टीएतला जवान बोलावला गेला की मागे बायको, आईबाप आणि शाळेत जाणारी पोरे. इस्राएलसारख्या श्रीमंत देशाने ऑक्टोबर २०२३ नंतर तीन लाखांवर राखीव सैनिक बोलावले आणि पुन्हापुन्हा बोलावत राहिला, तेव्हा तिथल्या यंत्रांनी चालणाऱ्या शेतीलाही माणसे पुरेनात. आपली कोरडवाहू शेती तर वाफशावर चालते. वाफसा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण कर्नलसाहेबांना सांगावे लागेल. पाऊस पडला, रान घोटाभर चिखल. चार दिवसांनी पाय ठेवता येतो. आणखी चार दिवसांनी वरचा थर सुकून बी उगवत नाही. या मधल्या दिवसांत पेरायचे. त्यासाठी सुटी अर्ज करून, पंधरा दिवस आधी तारीख लिहून मागता येत नाही. आणि या चार दिवसांत गावातल्या सगळ्यांनाच ट्रॅक्टर पाहिजे असतो. ज्या घरचा पुरुष बांधावर उभा आहे त्याचा नंबर आधी लागतो.

आता कायदा बघा. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात ७-अ हे कलम आहे. जवान नोकरीवरून बोलावला गेला असेल तर सेवा संपल्यावर मालकाने त्याला परत नोकरीवर घेतले पाहिजे, असे ते सांगते. चांगले कलम आहे. १९२५ चा आणखी एक कायदा आहे, शिपाई लढाईच्या कामावर असेल तर त्याच्याविरुद्धचा दावा कोर्टाने थांबवून ठेवावा असे तो सांगतो. तोही चांगला. म्हणजे कारखाना जवानासाठी थांबतो, कोर्ट थांबते. शेतकरी जवानाचा मालक कोण? पाऊस. त्याला कोणते कलम लावणार? गेलेला हंगाम परत कामावर रुजू करून घेता येत नाही. पीककर्जाची तारीख मात्र कोर्टासारखी थांबत नाही. सातबारा त्याच्या नावावर, आधार त्याचे, बँकेत सही त्याची, आणि तो बर्फात बंकरमध्ये. बायको पेरते, निंदते, वेचते, आणि कापूस विकायला गेली की तिला विचारतात, खातेदार कुठे आहे?

एक बाब उघड बोलली पाहिजे. टीएतले कितीतरी जवान सांगतात, आमची पलटण लांबली तर आम्हाला बरेच वाटते. पगार येतो, तो पगार शेतीतला तोटा भरून काढतो. हे ऐकून कोणी म्हणेल, मग तुमची तक्रार कसली? हीच तर तक्रार आहे. ज्या माणसाला जोडधंदा म्हणून फौज दिली, त्याला शेती हाच जोडधंदा करून ठेवला, तोही तोट्याचा. कायद्याने विचारले, तुझा पोटापाण्याचा धंदा कोणता? त्याने लिहिले, शेती. ते उत्तर खरे ठरेल असा भाव सरकारने कापसाला आणि ज्वारीला कधी मिळू दिला?

आमचे मागणे फार मोठे नाही. शेतकरी असलेला जवान उभ्या पलटणीत असेल आणि सीमेवर प्रत्यक्ष लढाई नसेल, तर त्याची वर्षाची सुटी त्याच्या गावच्या पेरणीला जोडून द्यावी, ती तारखेवर नव्हे तर पावसावर ठरावी, आणि खरिपाचा व रब्बीचा शेतकरी यांत फरक करावा. ७-अ कलमाने नोकरदाराला जे दिले त्याच्या तोडीचे शेताला द्यावे. सेवेच्या काळात पीककर्जाची मुदत पुढे जावी, आणि ज्या हंगामात तो बोलावला गेला त्या हंगामाच्या पेरणीचे औताचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे सरकारने भरावे. रामाजी अनंताला जे १६७६ साली सांगितले होते ते आजच्या जिल्हाधिकाऱ्याला सांगायला हरकत नसावी. आणि एक काम सरकारकडे मागायचे नाही, आपले आपणच करायचे. जवान भावांनो, रुजू व्हायला निघण्यापूर्वी बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा आणि बँकेचे कागद तिच्या सहीने चालतील असे करून जा. फौजेत जाताना सामानाची यादी करता, तीत हे लिहा.

हे मागणे घेऊन जायचे तर हातात हिशोब पाहिजे. म्हणून प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या भागातल्या टीए जवानांच्या घरी जाऊन यावे. घरातल्या बाईशी बोलावे, तिच्याकडूनच लिहून घ्यावे. तो कोणत्या नक्षत्रात गेला, कोणत्या नक्षत्रात आला. किती एकर वेळेवर पेरले, किती उशिरा, किती पडीक राहिले. औत कोणाचे लावले, भाडे किती दिले, ते पैसे कुठून आणले आणि व्याज काय पडले. ज्वारी निघाली किती, कापूस निघाला किती, आणि तो असताना किती निघत होता. कागद साधा चालेल, अक्षर कसेही चालेल. जवानाचे नाव आणि पलटण मात्र लिहू नका, आपल्याला त्याला अडचणीत आणायचे नाही. गाव, एकर आणि आकडे पुरेत. परतूरच्या मंडळींनी सुरुवात करावी.